पौनीकरांच्या विमानाला अजून एक हात

गिरिधर पौनीकरांनी आयुष्यात स्वतः कधी काही बनवलं नव्हतं. पण दुसऱ्याने बनवलेलं एकही काम त्यांनी पास केलं नव्हतं.

तांडापेठेतल्या आमच्या गल्लीत कुणाच्या घराला रंग लागला, कुणाच्या ओट्यावर फरशी बसली, कुणाच्या पोरीच्या लग्नाचा मांडव पडला, की पौनीकर काकाजींची फेरी ठरलेली. हात पाठीमागे बांधलेले, चष्मा कपाळावरून नाकावर. आधी वस्तूभोवती एक संथ प्रदक्षिणा. मग उजव्या हाताचं पहिलं बोट पुढे यायचं, वस्तूवरून फिरत फिरत एका जागी थांबायचं. घरमालकाचा श्वास अडकायचा. आणि काकाजी निकाल द्यायचे.

"बाकी चांगलं हाय. फिनिशिंग नाई."

बास. पुढचं काही बोलायचे नाहीत. चहा घ्यायचे आणि निघून जायचे. मागे घरमालक रात्रभर त्या जागेकडे बघत बसायचा. शेजारच्या बाबनरावांनी अशाच एका निकालानंतर कंपाउंडची अख्खी भिंत पुन्हा प्लास्टर केली होती. दुर्गेशने नवीन फ्लेक्सचं दुकान टाकलं, दारावर स्वतःच्या नावाचा एवढा मोठा बोर्ड लावला, उद्घाटनाच्या दिवशी काकाजींनी बोट 'र्गे'वर ठेवलं. तेव्हापासून दुर्गेश दुकानात शिरताना वर बघत नाही.

हे बोट घराण्याचं होतं. काकाजींचे वडील मागावर बसायचे. धोतराच्या पानावरून डोळे मिटून बोट फिरवलं, की तुटका धागा त्यांना बरोबर सापडायचा. त्या बोटावर घर चालायचं. मग माग गेले, गिरिधरराव पाणीपट्टीच्या खिडकीत बसले, आणि बोट बेकार झालं. बेकार बोट गल्लीभर हिंडायला लागलं, दुसरं काय.

गल्लीपुरतं हिंडलं असतं तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण मयुरीचं लग्न ठरलं.

मयुरी त्यांची एकुलती एक. तिने आपल्या मनाने मुलगा बघितला, बजाजनगरच्या देवपुजाऱ्यांचा अपूर्व. वडील शरच्चंद्र देवपुजारी, निवृत्त इंजिनियर, बोलताना शब्द इस्त्री करून काढणारे. लग्न चांगलं झालं. जेवणात शरच्चंद्ररावांनी स्वतः उभं राहून करवून घेतलेलं श्रीखंड होतं. ते स्वतःच काकाजींच्या पानाशी वाकून म्हणाले, "कसं झालंय व्याही?"

मधुवंतीकाकूंनी टेबलाखालून नवऱ्याचा पाय दाबला. उशीर झाला होता.

"बाकी चांगलं हाय इवाई. फिनिशिंग नाई."

देवपुजाऱ्यांच्या घरात तो शब्द त्या दिवशी आला आणि राहिलाच. मयुरीची पोळी जरा वाकडी लाटली गेली, की सासूबाई, चारुलताबाई, गोड हसून म्हणायच्या, "मयुरी, ह्याला फिनिशिंग नाही हं!" पडदे धुऊन टांगले, फिनिशिंग नाही. रांगोळी काढली, फिनिशिंग नाही. अपूर्वही हसायचा. मयुरीही हसायची. दर हसण्यागणिक तिचं माहेर थोडं थोडं खाली उतरायचं.

दिवाळीच्या फराळाला दोन्ही घरची माणसं बजाजनगरला जमली होती. शरच्चंद्ररावांना विमानांचा नाद. रिमोटवर उडणारी लहान विमानं. त्यांनी कौतुकाने आपलं नवीन विमान दिवाणखान्यात आणलं. थर्माकोलसारखं हलकं, निळं. काकाजी उठले. हात पाठीमागे गेले. प्रदक्षिणा सुरू झाली.

"बाबा," मयुरी म्हणाली, "चकली घ्या."

"थांब वं." बोट पंखाच्या जोडावर थांबलं. "बाकी..."

"बाकी चांगलं आहे," शरच्चंद्रराव म्हणाले, "आणि पुढचं मला पाठ आहे. व्याही, एक काम करा ना. माझ्याकडे लाकडी सांगाड्याचं एक किट पडून आहे. कापड चढवायचं, रंगवायचं. मोटार, बॅटरी, रिमोट माझं, अंग तुमचं. करा एकदा स्वतःच्या हाताने, आम्हाला पण कळू दे फिनिशिंग म्हणजे काय असतं. उडवू आमच्या ग्रुपसमोर."

चारुलताबाई हसल्या. "अहो, कशाला त्यांना त्रास. बोलणं वेगळं आणि करणं वेगळं. हो की नाही गं मयुरी?"

मयुरीने चकलीचा तुकडा मोडला. काकाजींनी तिचं तोंड बघितलं.

"द्या किट," ते म्हणाले.

सांगाडा त्यांनी झकास जोडला, ते मान्य करायला हवं. बोरूच्या काड्यांसारख्या हलक्या पट्ट्या, बरगड्या बरगड्यांचे पंख. मग ते कापडासाठी गांधीबागेत गेले.

"काय पायजे काकाजी? अस्तर? ब्लाउजपीस?"

"विमानाले पायजे."

गांधीबागचा दुकानदार. गिऱ्हाइकाने हत्तीसाठी परकर मागितला तरी आधी रंग विचारणारा. "कलर?"

"पांढरं. रेशमी. एकदम हलकं. अन् हवा पास नाई झाली पायजे."

"आता, हवा पास नाई झाली तं घालनाऱ्याचा जीव जाईन ना काकाजी."

"घालनारं विमान हाय!"

"हाव, तेच म्हंतो. आत मानूस असनच ना."

ठाण मागून ठाण उलगडलं. काकाजींचं बोट फिरत होतं. हा धागा तुटेल हाय. इथं गाठ आली. ह्याचा आडवा बाणा सैल. दुकानदार शेवटी शिडीवरूनच ओरडला, "काकाजी, विमान उडवाचं हाय का पोरगी पाहाले आले?" तरी शेवटच्या ठाणातून कापड निघालं. काकाजींनी ते छातीशी धरून आणलं.

डिंक लावून त्यांनी कापड सांगाड्यावर बसवलं, पाण्याचा हलका फवारा मारला, वाळवलं, आणि वर कापड आवळून धरणारं पातळ लॅकर दिलं. वाळता वाळता कापड असं ताणलं गेलं, की टिचकी मारली तर डफासारखं वाजायचं. घरभर लॅकरचा वास. मधुवंतीकाकू नाकाला पदर लावून म्हणाल्या, "अवो, देवापाशी उदबत्ती लावली तं तिचा वासच नाई येऊन राहिला! माया देवायले चक्कर येईन. बाहेर न्या ते."

विमान ओट्यावर आलं. इथे घात झाला.

मयुरी त्या दुपारी आली होती. पांढरं, हलकं, उन्हात आतल्या बरगड्या दिसणारं ते विमान तिने एका हाताने उचललं. उचललं म्हणजे काय, ते आपणच वर आलं. "बाबा! हे तर उडूनच राहिलं! आता एक हात रंगाचा मारा आणि ठेवून द्या. अजिबात हात लावू नका."

"एकच हात," काकाजी म्हणाले. शब्द दिला.

मारलाही एकच. लाल पट्टा, पांढरे पंख. आणि संध्याकाळी दुर्गेश दुकान बंद करून घरी जाताना ओट्याशी थांबला.

त्याने हात पाठीमागे बांधले. विमानाभोवती एक संथ प्रदक्षिणा घातली. बोट पुढे आलं. डाव्या पंखावर फिरलं. थांबलं.

"काकाजी, ब्रशचा केस हाय."

"कुठी?"

"हे काय. बाकी चांगलं हाय." आणि दुर्गेश इतक्या वर्षांत पहिल्यांदा मान वर करून चालत गेला.

बातमी गल्लीत पसरायला चहा उकळण्याइतका वेळही लागला नाही. काकाजींनी केस काढला, जागा घासकागदाने घासली, वर रंगाचा हात दिला. तर आता दोन पंखांचा पांढरा वेगळा दिसायला लागला. म्हणून दुसऱ्या पंखालाही हात. मग बाबनराव आले, खुर्ची मागवून बसले.

"गिरिधर, शेपटीचा लाल अन् पोटाचा लाल एक नाई गा."

"एकाच डब्यातला हाय बाबनराव."

"असन. मी आपलं दिसते ते सांगतो. माया भिंतीचं प्लास्टर पन एकाच घमेल्यातलं होतं."

लाल पुन्हा. मग धूळ. आमची गल्ली तेव्हा कुठल्यातरी पाइपासाठी पुन्हा खोदली होती, ओला रंग म्हणजे धुळीला आमंत्रणच. घासा, हात द्या. कुणाला बोटाचा ठसा दिसला. हात द्या. कुणाला पट्ट्याची कड थरथरलेली दिसली. पट्टा जाड करा. जाड पट्टा नाकावर भारी दिसतो. शेपटीवरही तसाच ओढा. लोक आपापल्या वेळा ठरवून यायला लागले. सकाळी दूध आणायला जाताना एक दोष, संध्याकाळी भाजी आणताना एक. आणि ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना झोपू दिलं नव्हतं ते काकाजी उकिडवे बसून, जीभ ओठात धरून, हातावर हात चढवत होते. कुणी काही म्हणालं नाही तर अस्वस्थ व्हायचे. स्वतःच बोट फिरवून शोधायचे.

शेवटी चमकेचं वार्निश. तेही चढतच गेलं. दुर्गेश पंखात बघून मिशी नीट करायचा.

काकूंनी एकदा झाडताना विमान बाजूला घ्यायला हात घातला आणि तशाच थांबल्या. "अवो, पहिले एका हातानं उचलून झाडून घेत होती मी. आता शोकेससारखं सरकवा लागून राहिलं."

"चमक पाय वं, चमक."

"चमक पाहूनच म्हंते. चमकेले वजन नसते का?"

"तुले फिनिशिंगमधलं काय समजते?"

काकू झाडू घेऊन आत गेल्या. त्यांना फिनिशिंगमधलं समजत नव्हतं, संसारातलं समजत होतं.

रविवारी उड्डाण. कामठी रोडवर आत एक लग्नाचं लॉन आहे. मुहूर्त नसले की त्याचं पार्किंग रिकामं असतं, तिथे शरच्चंद्ररावांचा ग्रुप विमानं उडवतो. ते सगळे टोप्या घालून उभे. इकडून शेअर ऑटो भरून आमची गल्ली. काकाजींनी विमानावरची चादर काढली, आणि खरं सांगायचं तर टोप्यांमधून 'अरे वा' निघालं. विमान असं लखलखत होतं, की डोळे बारीक करावे लागले.

शरच्चंद्रराव रिमोट घेऊन पुढे झाले. "चला, सोडा."

"थांबा इवाई. नवीन गाडी हाय."

आमच्याकडे सायकलदेखील पूजा झाल्याशिवाय कोपऱ्यावर जात नाही. काकूंनी ताट काढलं. हळद, कुंकू, नाकावर स्वस्तिक. झेंडूचा हार. नारळ फुटला, पाणी पंखांवर शिंपडलं गेलं. पुढच्या चाकाखाली लिंबू. आणि शेपटीला, दुर्गेशने कौतुकाने आणलेली, लिंबू-मिरची.

"व्याही, शेपटीला लिंबू?" शरच्चंद्ररावांचा इस्त्रीचा आवाज चुरगळला.

"नजर लागन ना. पाहून नाई राहिले का, कशी चमक हाय."

"नजर नंतर लागेल हो, आधी उडायला तर पाहिजे!"

लिंबू-मिरची काढली. मोटार घूं घूं झाली. विमान धावलं, धावलं, पार्किंगभर धावलं, पण जमीन काही सोडेना.

"हारामुळं असन," बाबनराव म्हणाले. हार काढला. धावलं. नाही उडालं.

"कुंकू पुसून पाहू का?" दुर्गेशने विचारलं. तो मनापासून विचारत होता की नाही, ते त्याचं त्यालाच माहीत.

तिसऱ्यांदा शरच्चंद्ररावांनी मोटारीचा सगळा जोर लावला. विमान एखाद्या रिक्षासारखं कडेकडेने गेलं, वळलं, आणि 'वरपक्षाकरिता राखीव' लिहिलेल्या पाटीखाली जाऊन शांतपणे उभं राहिलं. टोप्या हसल्या. मग, लाज वाटत असूनही, आमची गल्लीही हसली.

शरच्चंद्ररावांनी विमान उचललं, हातावर तोललं, आणि जवळजवळ हळवे होत म्हणाले, "व्याही, बाकी चांगलं आहे. फिनिशिंग तर अप्रतिम आहे. उडणं तेवढं नाही."

चारुलताबाई पोह्यांचा डबा उघडत म्हणाल्या, "मयुरी, तुमच्याकडे सगळ्यालाच अशी नुसती पॉलिश असते का गं?"

मयुरी वळली. गाडीकडे चालत गेली. काकाजी मागे मागे.

"मी त्यायले सांगतो..."

"काही सांगू नका बाबा. त्या घरात तुमच्या एका शब्दावर रोज माझी पोळी तोलली जाते. आजपासून नवीन शब्द मिळाला त्यांना. पॉलिश." तिचे डोळे कोरडे होते, ते जास्त वाईट होतं. "मी सांगितलं होतं एकच हात. आता दोनपैकी एक करा. एक तर हे उडवा, नाही तर कायमचं बोलणं बंद करा. पुढच्या रविवारी मी पुन्हा येणार आहे. आज होते त्या सगळ्यांना घेऊन."

काकाजी घरी आले. ओट्यावर विमान ठेवलं. आत जाऊन दाढीचं ब्लेड आणलं. आणि बसून राहिले. विमानात त्यांना स्वतःचं तोंड दिसत होतं, कपाळावरच्या आठीसकट.

"कापा," मागून काकू म्हणाल्या.

"एवढी चमक..."

"पोरीचं तोंड पाहलं ना? मंग कापा."

ब्लेड पोटावरून शेपटीपर्यंत गेलं. रंगाची साल कापडासकट निघाली ती अशी जाड, अशी कडक, की बाबनरावांनी एक तुकडा उचलून पाहिला आणि म्हणाले, "गिरिधर, हा रंग नाई गा, फरशी हाय." खालून पुन्हा तो काड्यांचा, हलका, बिचारा सांगाडा निघाला.

गांधीबागेतून आणलेलं उरलेलं रेशीम चढवलं. उजव्या पंखाच्या खाली थोडं कमी पडलं. काकूंनी जुन्या ब्लाउजचं पातळ अस्तर कापून दिलं, फिकट पिवळं. काकाजींचा हात रंगाच्या डब्याकडे गेला. काकूंनी डबा उचलला आणि गव्हाच्या कोठीवर, त्यांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवून दिला. त्याआधी त्यांनी त्यातून दोन चमचे रंग वाटीत काढून दिला. "इतकाच. लाल पट्टा. संपला का संपला."

लॅकरचा एक हात. लाल पट्टा एकदा, तोही मधे मधे फिका. एवढ्यात गल्लीची सकाळची पाळी सुरू झाली.

"काकाजी, पट्टा फिका हाय."

"हाय."

"अन् इथं पिवळं ठिगळ दिसून राहिलं."

"दिसते."

दुर्गेश गोंधळला. त्याने जागा बदलून पाहिली, खाली वाकून पाहिलं. "कड पन वाकडी हाय काकाजी."

"हाव गा. वाकडी हाय."

दुर्गेश घाबरला. आत डोकावून हळूच म्हणाला, "काकू, काकाजीची तब्येत बरी हाय ना?"

दुसऱ्या दिवसापासून गल्लीतलं कुणी फिरकलं नाही. ज्याला दोष दाखवून काही होत नाही, त्याच्या दाराशी कोण थांबतं? काकाजी एकटेच ओट्यावर बसायचे, हात मांड्यांखाली दाबून. बोटाला शिक्षा दिल्यासारखे. लॅकर ओलं असतानाच त्यावर एक डास बसला होता आणि तिथेच चिकटला होता. नेमका पंखाच्या मधोमध. काकाजींनी चिमटा आणला. चिमटा डासाच्या वर नेऊन धरला. डास काढला तर तिथे ओरखडा. ओरखडा घासावा लागणार. घासलं तर वर एक हात.

काकूंनी त्यांचं मनगट धरलं. "राहू द्या त्याले. त्यालेही उडाचं असन."

रविवारी पुन्हा तेच लॉन, त्याच टोप्या. चादर काढली तेव्हा 'अरे वा' निघालं नाही. फिका पट्टा, पिवळं ठिगळ, कापडाची वीण उघडी, मधे डास. चारुलताबाईंनी बघून न बघितल्यासारखं केलं. काकूंनी नारळ लांब, पार लॉनच्या दाराशी जाऊन फोडला आणि विमानाच्या नाकाला करंगळीने कुंकवाचं टोक लावलं, मुंगीने लावावं तेवढं.

"एवढं तं चालते ना इवाई?"

"एवढं चालतं," शरच्चंद्रराव म्हणाले.

विमान धावलं. आमची सवय झालेली, आम्ही 'वरपक्षा'च्या पाटीकडे बघायला लागलो. पण पाटीपर्यंत ते पोचलंच नाही. मधेच त्याने जमीन सोडली, कुणाला न सांगता, अगदी सहज. वर गेलं. ऊन कापडातून आरपार गेलं आणि आतल्या सगळ्या बरगड्या दिसल्या, पट्टी न् पट्टी, आणि एक फिकट पिवळा चौकोन. गल्लीने शिट्ट्या मारल्या. बाबनरावांनी दुर्गेशच्या पाठीत गुद्दा घातला. मयुरी हसत होती, आणि या वेळी हसण्याने काही खाली उतरत नव्हतं.

मग शरच्चंद्ररावांनी विमान उतरवायला घेतलं. ते आलं जरा जोरात. जरा वाकडं. आपटलं, उसळलं, एक चाक निखळून घरंगळत गेलं, आणि विमान नाक मातीत खुपसून उभं राहिलं.

टोप्या, गल्ली, चारुलताबाई, सगळे काकाजींकडे बघत होते. शरच्चंद्रराव रिमोट धरून उभे, कान लाल. "जरा... आडवी हवा होती."

काकाजींचे हात पाठीमागे गेले. ते विमानाभोवती फिरले. चाक उचललं. उजवं बोट वर आलं. मयुरीने ओढणीचं टोक मुठीत आवळलं.

"बाकी..." काकाजी म्हणाले.

थांबले. बोट कानाकडे नेऊन कान खाजवला.

"बाकी मस्त उडवलं इवाई तुमी. चाक काय, बसवून टाकू."

शरच्चंद्ररावांनी श्वास सोडला, तो कोराडीपर्यंत ऐकू गेला असेल. चारुलताबाईंनी पोह्यांचा डबा फिरवला. "मयुरीने केलेत," म्हणाल्या. सगळे वाट बघत होते, पण पुढे त्या काही म्हणाल्या नाहीत. स्वतः दुसऱ्यांदा वाढून घेतले.

परतीच्या ऑटोत विमान काकाजींच्या मांडीवर होतं. ऑटो कामठी रोडला लागला. सिग्नलला ऑटो थांबला. त्यांनी पुढे बसलेल्या गल्लीवाल्यांकडे बघून घेतलं आणि बायकोच्या कानाशी वाकले.

"लँडिंग पाहलं का वं?"

"पाहलं."

"फिनि..."

काकूंनी पिशवीतून नारळाचा तुकडा काढला आणि त्यांच्या तोंडात कोंबला. "खा. प्रसाद हाय."

काकाजी चावत राहिले. ऑटो सुटला. बऱ्याच वेळाने त्यांनी तोंडातून खोबऱ्याचा चोथा काढला, बोटावर घेऊन उजेडात धरला, आणि कपाळावर आठी घालून म्हणाले, "एवढा जून नारळ काहून घेतला?"